दोन मनगटांची वेळ

आमच्या आतोबांना नुसता आकडा सांगून सुखाने घरी परतलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडणार नाही. आतोबा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. कोणी ओसरीवर टेकता टेकता सहज म्हणालं, "काय हा उकाडा, चौतीस तरी असेल," की आतोबा चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "चौतीस काय? कुठे मोजलेत? सावलीत की उन्हात? जमिनीपासून किती उंचीवर?" पाहुणा बिचारा वेळ जावा म्हणून दोन शब्द बोललेला असे. आत्याचा चहा बाहेर येईपर्यंत आपल्याला खरोखरच घाम आला आहे की नाही, याबद्दल त्याची खात्री उरत नसे. माणसं त्यांना टाळत मात्र नसत. आतोबा अडीअडचणीला धावून जाणारे, गप्पिष्ट आणि आग्रहाने जेवायला घालणारे होते. त्यांच्याकडे येताना लोक फक्त आकडे घरी ठेवून येत.

त्यांची नोकरी भगवती बंदराच्या अंगाला एका लहानशा सरकारी कचेरीत होती. ही कचेरी समुद्राच्या नोंदी ठेवी. रोज ठरल्या वेळी धक्क्यावरून बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात तापमापक बुडवायचा, खारटपणा तपासायला बाटली भरून घ्यायची, वारा आणि लाटा बघायच्या आणि ते सगळं छापील तक्त्यात भरून मुंबईच्या वरच्या कचेरीला पाठवायचं. हे काम बादली ओढणारा शिपाईसुद्धा करील, असं वरच्या कचेरीचं मत होतं. आतोबांचं मत असं, की बादलीतून वर येतं ते नुसतं पाणी. त्याची नोंद व्हायची तर आकड्याला नाव पाहिजे, एकक पाहिजे, जागा पाहिजे, वेळ पाहिजे, मोजायचं हत्यार कुठलं ते पाहिजे आणि मोजायला सुरुवात कुठून केली तेही पाहिजे. "नाव-गाव नसलेला आकडा म्हणजे एस.टी. स्टँडवर सापडलेलं पोर," ते म्हणत. "गोजिरवाणं दिसतं, पण कोणाच्या घरी नेऊन सोडणार?" याच विचाराने त्यांनी एक संकेतावली तयार केली होती. समुद्राची कुठलीही गोष्ट कुठल्या नावाने, कुठल्या एककात आणि कुठल्या टिपांसह लिहावी, याचे ते नियम होते. ती त्यांनी स्वतः टंकून किनाऱ्यावरच्या सगळ्या कचेऱ्यांना धाडली. पोच एकाच कचेरीकडून आली, आणि त्या पोचेवर तारीख नव्हती.

त्यांना वेड लागलंय असं म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. आतोबांच्या कचेरीत खोली वरून खाली मोजत. जितकं खोल, तितका आकडा मोठा. शेजारच्याच दुसऱ्या एका सरकारी खात्यात सगळं खालून वर मोजायची रीत होती. दोघांचेही आकडे बरोबर होते. वरच्या कचेरीने दोघांचे तक्ते एकत्र करून एक सुरेख नकाशा काढला आणि तो सह्याशिक्क्यानिशी रत्नागिरीला पाठवला. त्या नकाशात समुद्राचा तळ भगवतीच्या किल्ल्याच्या माथ्यावर होता. मग यावर विचार करायला मुंबईत समिती बसली, आतोबांनाही बोलावणं आलं. दोन दिवस चर्चा झाली, दोन्ही दिवस जेवण उत्तम होतं, आणि शेवटी असं ठरलं की ज्याने त्याने आपापल्या सोयीने मोजावं, मात्र एकवाक्यता राखावी. आतोबा परत आले ते चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी घरच्या विहिरीच्या काठावर रंगाने बाण काढला आणि त्याखाली लिहिलं, "येथून खाली मोजावे."

पुढे वरच्या कचेरीत संगणक आला. संगणकाला जागा कमी लागावी म्हणून टिपा गाळायच्या आणि नुसते आकडे पाठवायचे, असा हुकूम निघाला. आता आतोबांच्या नियमाप्रमाणे ज्या दिवशी नोंद झाली नसेल त्या दिवशी ९९.९ लिहीत. हा आकडा अशासाठी, की समुद्राचं पाणी काही तेवढं तापणार नाही, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हा खरा आकडा नव्हे. बघणाऱ्याला कळलं असतंही. संगणकाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी पावसाळ्यात धक्क्याची पायरी वाहून गेल्यामुळे बरेच दिवस बादली सोडता आली नव्हती. संगणकाने ते सगळे नव्व्याण्णव बेरजेत धरले, सरासरी काढली आणि रत्नागिरीचा समुद्र चहाइतका गरम असल्याचं जाहीर केलं. वरून पत्र आलं की या असाधारण वाढीची कारणं परत डाकेने कळवावीत. आतोबांनी कळवलं, की समुद्र पूर्ववत असून मासे शिजलेले नाहीत. वाढ मुंबईत झालेली आहे.

आत्याने या माणसाबरोबर संसार कसा केला, हे तिचं तिलाच ठाऊक. फडताळातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असे आणि तिच्यावर आंबा कुठल्या झाडाचा, मीठ कुठल्या मापाने, घातलं कधी आणि चाखलं कोणी इथपर्यंत सगळं लिहिलेलं असे. आतोबा मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले की कोळणी एकमेकींना कोपराने ढोसत. एकदा मी बरोबर होतो. एका कोळणीने सुरमई ताजी आहे म्हणताच आतोबांनी विचारलं, ताजी म्हणजे कुठल्या वेळेपासून मोजून? त्या बाईने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताजी म्हंजे ताजी. मगाशी उड्या मारीत व्हती, तुमी बोलून बोलून मारलात तिला." आतोबांना तो बोल इतका आवडला की त्यांनी सुरमई घेतली आणि घरी येऊन आत्याला दोनदा सांगितला. त्यांच्यात राग धरण्याची सोय नव्हती, हे मान्य केलंच पाहिजे.

शैला त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर धक्क्यावर जाई. बादली वर आली की तापमापकाच्या आधी ती आपला हात पाण्यात बुडवी आणि म्हणे, "बाबा, आज गार आहे." आतोबा विचारत, "गार म्हणजे किती?" मग ती बोटं ताणून दाखवी, एवढं गार. शाळेत एकदा गोवरामुळे तिचा भूगोलाचा पेपर बुडाला आणि मास्तरांनी प्रगतिपुस्तकात शून्य लिहिलं. आतोबा कचेरीतून परस्पर शाळेत गेले. त्यांनी मुख्याध्यापकांना समजावून सांगितलं की शून्य म्हणजे मुलगी आली, बसली आणि तिला काहीही आलं नाही. मुलगी तर आलेलीच नव्हती. माहीत नसलेल्या जागी माहीत असल्यासारखा आकडा लिहिणं, याला ते चोरीच्या खालोखाल गुन्हा समजत. मुख्याध्यापकांना वर्ग घ्यायचा होता, तो बुडाला. शून्य खोडून "गैरहजर" लिहिलं गेलं तेव्हाच आतोबा उठले.

आता मनगटांकडे येतो. आतोबा दोन घड्याळं वापरत. डाव्या मनगटावर रेडिओची वेळ, म्हणजे तुमची आमची, एस.टी.ची आणि शाळेची. उजव्या मनगटावर रत्नागिरीच्या सूर्याची वेळ, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर येईल तेव्हा बारा. ही वेळ रेडिओच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून थोडी जास्तच मागे चाले. काही तक्ते या वेळेत भरायचे, काही त्या वेळेत, म्हणून त्यांनी एका हाताला एक अशी वाटणी करून टाकली होती. वेळ विचारणाऱ्याला ते आधी विचारत, "कुठल्या मनगटावरची?" नवख्या माणसाला वाटे आपली थट्टा चालली आहे. आम्हाला सवय झाली होती. हीच सवय पुढे शैलाच्या मुळावर उठेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

शैला बँकेत लागली आणि तिथेच सावर्ड्याच्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला होता. त्याचे वडील एस.टी.तून निवृत्त झालेले, हसतमुख गृहस्थ. घरात शब्द चाले तो आईचा, आणि तिची एकच अट होती: पत्रिका जुळली पाहिजे, मंगळाची मुलगी घरात येणार नाही. पत्रिका जुळली. शैलाच्या पत्रिकेत मंगळाचा त्रास नव्हता. सावर्ड्याची मंडळी साखरपुडा ठरवायला आली, आत्याने घावन आणि नारळाचा रस केला, सगळं हसतखेळत चाललं होतं. मुलाच्या वडिलांनी खाता खाता, केवळ बोलायचं म्हणून विचारलं, "जन्मवेळ पक्की ना हो?"

दुसऱ्या कुठल्याही बापाने "पक्की" म्हणून आणखी एक घावन वाढायला सांगितलं असतं. आतोबांचा हात तोंडाशी थांबला. ते आधी डाव्या मनगटाकडे बघायला लागले, मग उजव्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "पत्रिका करताना वेळ सांगितली होती मी गुरुजींना. पण कुठल्या मनगटावरची ते सांगितलं नव्हतं. आता आठवत नाही."

झालं. आयुष्यभर जगाला टिपा लिहायला लावणाऱ्या माणसाने एकच आकडा बिनटिपेचा सोडला होता, आणि तो स्वतःच्या मुलीच्या जन्माचा. गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी दोन्ही वेळा मांडून बघितल्या. वेळ डाव्या मनगटावरची असेल तर पत्रिका आहे तशीच, निर्दोष. उजव्यावरची असेल तर जन्म अर्ध्या तासाने पुढे जातो, लग्नरास बदलते आणि मंगळ बरोबर अष्टमात येऊन बसतो. "मला वेळ सांगा, मी ग्रह सांगतो," गुरुजी म्हणाले, "मनगटं बघणं माझ्याकडे नाही." सावर्ड्याची मंडळी भरल्या ताटावरून उठली नाहीत इतकंच. मुलाच्या आईने जाताना सांगितलं की पुढल्या रविवारी परत येते, तोवर काय ते नक्की करून ठेवा.

तो आठवडा त्या घरात फार वाईट गेला. आत्या म्हणाली, बोटीचा भोंगा झाला आणि पाठोपाठ शैला रडली, हे मला पक्कं आठवतंय. आतोबांनी विचारलं, बोट त्या दिवशी किती उशिरा आली होती? आत्याने कपाळाला हात लावला, कारण त्या काळात मुंबईची बोट वेळेवर आली तर लोक बघायला जात. मी त्यांना व्यवहार शिकवायला गेलो. म्हटलं, दोनातलं एक खरं आहेच, मग डावं म्हणून मोकळे व्हा. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांना समुद्रात पाण्याऐवजी ताक आहे असं लिहायला सांगत होतो. शेवटी शैला आली. ती आठवडाभर बापाशी बोलली नव्हती.

"बाबा, एकदा नुसतं डावं म्हणा ना," ती म्हणाली.

"डावं असेलही शैले. पण मला माहीत नाही. माहीत नसलेलं माहीत आहे म्हणून लिहिलं, की पुढचं सगळं नासतं."

"आणि माझं नासतंय ते?"

आतोबा उठून विहिरीकडे गेले आणि काठावरच्या त्या बाणाशी उगाच बराच वेळ उभे राहिले. खरं सांगतो, मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता. नियम माणसासाठी असतात की माणसं नियमासाठी, असलं काहीतरी भाषण मी मनात तयार करत होतो. पण त्यांचे खांदे बघितले आणि ते तसंच गिळून टाकलं.

रविवारी सावर्ड्याची मंडळी आली, गुरुजीही आले. मुलाच्या आईबरोबर या वेळी तिची नात होती, लेकीची मुलगी, नुकती बसायला लागलेली. घावन नव्हते, चहाच होता. आत्या दाराआड उभी राहून मनातल्या मनात आतोबांना "डावं, डावं" म्हणत होती, तिचे ओठ मला दिसत होते. आतोबा हात जोडून म्हणाले, "नोंद नाही. अंदाजाने सांगणार नाही. तुम्ही काय ते ठरवा."

मुलाची आई रागावली नाही. तिने अगदी सरळ विचारलं, "आवो, पण एवढा मोजमाप करनारा मानूस तुमी. त्याच दिवशी कसं विसरलात?"

आतोबा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "सुईणीने बाहेर आणून ती एकदम माझ्या हातात दिली हो. दोन्ही हात गुंतले. वेळ कशी बघितली, कुठली बघितली, काही सुचलंच नाही."

बाई उठली आणि मांडीवरची नात आतोबांच्या हातात ठेवली. "वायच धरा हिला," म्हणाली. काय चाललंय ते आमच्या सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. पोर कुठल्या हातावर घेतात, कुठलं मनगट वर येतं, नजर कुठल्या घड्याळावर जाते, ते आता दिसणार होतं. मुलाचे वडील चहाचा कप हातात तसाच धरून पुढे वाकले. गुरुजीही वाकले. शैला दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होती. पोरीने आधी चष्म्याला हात घातला, मग उजव्या घड्याळाचा पट्टा तोंडात धरला आणि चोखायला लागली. आतोबा तिच्याकडे बघत बसले. कुठल्याच मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. आम्ही जमलेले आहोत हेसुद्धा ते विसरले असावेत.

"वजन किती हो हिचं?" त्यांनी विचारलं.

"सात," बाई म्हणाली.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. सात काय? शेर की किलो? कुठल्या काट्यावर? कपड्यांसकट की कपड्यांशिवाय? आतोबा म्हणाले, "हो का," आणि पोरीच्या गालाला बोट लावलं.

त्या क्षणी मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मुलाच्या आईने नात परत घेतली, तिच्या तोंडातून पट्टा सोडवला, आतोबांच्या मनगटावरची लाळ आपल्याच पदराने पुसली आणि नवऱ्याकडे वळली. "ह्यो मानूस तवा तरी घड्याळ कशाला बघतोय? मंगळ असला तर असूंदे. मुहूर्त काढा."

आत्या दाराआडून बाहेर आली ती थेट देवापुढे गेली. शैला बापाला बिलगली. एवढं सगळं झाल्यावर तरी माणसाने गप्प बसावं की नाही? आतोबांनी डोळे पुसले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि गुरुजींना विचारलं, "मुहूर्त कुठल्या पंचांगाप्रमाणे काढणार? आणि वेळ कुठली धरणार?" गुरुजींनी हात जोडले.

लग्न रत्नागिरीतच झालं. आतोबांनी लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेपुढे "भारतीय प्रमाणवेळ" असं छापून घेतलं होतं, त्यामुळे काही नातेवाईक गोंधळून अर्धा तास आधी आले आणि काही अर्धा तास उशिरा. सरासरी काढली तर सगळे वेळेवर आले, असं मी म्हटलं. त्यावर सरासरीबद्दल जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी शैला सावर्ड्याला गेली. गाडी वळणाआड दिसेनाशी झाली तरी आतोबा फाटकाशी उभे होते, आणि आत्याने हाताला धरून त्यांना आत नेलं.

महिनाअखेरीला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते ओसरीवर त्या महिन्याचा तक्ता पुढे घेऊन बसले होते. सगळा भरला होता. लग्नाच्या दिवशीच्या चौकटीत मात्र ९९.९ होतं. मला नवल वाटलं, कारण त्या दिवशीही पहाटे दुसऱ्या कोणाच्या हाती बादली द्यायला ते तयार नव्हते, स्वतःच धक्क्यावर जाऊन आले होते. त्या आकड्यापुढे कारण लिहायचा रकाना असतो. वादळ, हत्यार बिघडले, धक्का बंद, निरीक्षक आजारी, अशी ठरलेली कारणं आहेत, आणि ती यादी आतोबांनीच केलेली आहे.

"यातलं एकही बसत नाही रे," ते म्हणाले. "समुद्र शांत होता. बादली ठीक, तापमापक ठीक, मी ठणठणीत."

"मग झालं काय?"

"पाणी वर ओढलं, तापमापक बुडवला, वाचलाही असेन. पण मनात शैलाचंच होतं. ती हात बुडवून म्हणायची ना, बाबा, आज गार आहे. घरी आलो तर आकडा डोक्यात नव्हता. तेवढंच होतं, गार आहे."

मला वाटलं, थोडी गंमत करावी, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. त्यांच्याच आवाजात मी विचारलं, "गार म्हणजे किती?"

आतोबा हसले नाहीत. हातातलं पेन त्यांनी टोपण लावून खिशाला अडकवलं.

"गार म्हणजे गार," ते म्हणाले, आणि कारणाचा रकाना तसाच कोरा ठेवून त्यांनी तक्त्याची घडी केली.